बाटली भरेपर्यंत

इरा, नील,

तुमच्या शाळेत आजी-आजोबांच्या दिवशी लावलेल्या तक्त्याचा फोटो आईने पाठवला. माझ्या नावाखाली तिने 'हेल्थकेअर' लिहिलंय आणि त्याशेजारी नीलने स्टेथोस्कोप काढलाय. मी जन्मात कधी स्टेथोस्कोप गळ्यात घातला नाही. आईचीही चूक नाही. खरं ते लिहायचं तर 'माझी आजी नामवंत खेळाडू बायकांना शू करताना बघायची' असं लिहावं लागलं असतं, आणि शेजारी नीलने काय काढलं असतं कोण जाणे.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक कधीपासून मागे लागले आहेत की तुमच्या कामाबद्दल लिहा. म्हटलं, लिहावं आणि ते तुमच्याच नावे लिहावं. तुम्हाला आई वाचून दाखवेल. ती मधली वाक्यं गाळू लागली तर मला फोन करा.

आजोबांच्या रिफायनरीतल्या नोकरीमुळे आम्ही सौदी अरेबियात, यान्बूला आलो, हे तुम्हाला माहीत आहे. इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी वर्षानुवर्षं काम केलं. लघवी हा माझा जुनाच विषय. फरक एवढाच की तोवर बाटली माझ्यापर्यंत भरून यायची.

मी लॅबमधून निवृत्त झाले त्याच सुमारास इथे बायकांचे खेळ जोरात सुरू झाले. फुटबॉल, टेनिस, बॉक्सिंग. जगभरच्या खेळाडू येऊ लागल्या. खेळाडू आले की उत्तेजकांची चाचणी आली, आणि बाईची चाचणी बाईनेच घ्यायची असते. तेव्हा रियाधहून एका साहेबांचा फोन आला. फार गंभीर आणि सभ्य गृहस्थ. त्यांनी माझ्या अनुभवाचं कौतुक केलं, कामाचं महत्त्व सांगितलं, देशाच्या प्रगतीबद्दल बोलले, पण नेमकं करायचं काय ते काही त्यांच्या तोंडून निघेना. शेवटी मीच म्हटलं, "म्हणजे मी बघायचं."

"बरोबर," ते म्हणाले आणि त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आजोबांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला. "पगार देणार आहेत?" एवढंच विचारलं आणि पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. पेपर बराच वेळ हलत होता.

प्रशिक्षण रियाधला, अल मलाझमधल्या एका ऑफिसात झालं. काम ऐकायला सोपं आहे. खेळ संपला की आमची सहायक खेळाडूजवळ जाते, ओळखपत्र दाखवते आणि सांगते की तुमची चाचणीसाठी निवड झाली आहे. त्या क्षणापासून बाटल्यांना सील लागेपर्यंत खेळाडू आमच्या नजरेआड होता कामा नये. भांडं, बाटल्या सगळं सीलबंद असतं आणि खेळाडूने स्वतः निवडायचं असतं. आम्ही कशाला हात लावत नाही. नव्वद मिलिलिटर तरी लघवी लागते, म्हणजे आपल्या घरचा चहाचा लहान कप. ती दोन बाटल्यांत ओतायची. भांड्याच्या तळाशी राहिलेला थेंब एका छोट्या दुर्बिणीसारख्या उपकरणावर टाकून लघवी पुरेशी दाट आहे का बघायचं, कारण पाण्यासारखी पातळ असेल तर त्यात काही सापडत नाही. पातळ निघाली की पुन्हा पहिल्यापासून.

आणि मधला भाग म्हणजे बघणं. शर्ट छातीपर्यंत वर, बाह्या कोपरांच्या वर, खालचे कपडे गुडघ्यापर्यंत. अधिकाऱ्याने छताकडे बघायचं नाही, पाठ फिरवायची नाही. लोक कुठे काय लपवून आणतात ते तुम्ही मोठे झालात की सांगेन. तुमच्या आईला मी लहानपणी शिकवलं होतं की दुसऱ्याच्या ताटातसुद्धा डोकावू नये. तीच मी.

गिऱ्हाइकं एकेक होती. एका टेनिसपटूने अट घातली की आधी माझं लग्न कसं जमलं ते सांगायचं. सांगितलं. आजोबा पहिल्यांदा बघायला आले ते चुकीच्या घरी गेले, तिथपर्यंत गोष्ट आली आणि तिचं काम झालं. एक फुटबॉलपटू राष्ट्रगीत गायल्याशिवाय सुरूच करू शकत नसे. मी तिथे उभीच असायचे, त्यामुळे मानही राखला जायचा. आमच्या शेजारच्या अबू फहदनी एकदा मला गंभीरपणे विचारलं की उंटांचीही तपासणी करता का. इथे उंटांच्या सौंदर्यस्पर्धा होतात, आणि ओठ फुगवायला इंजेक्शन दिलेले उंट बाद होतात. मी म्हटलं, नाही, माझं खातं माणसांचं. ते म्हणाले, "माणसांचं सोपं. उंट ओठ फुगलेत हे कबूलच करत नाही."

आता बंदी म्हणजे काय ते सांगते. नीलला त्याच्या बाबांनी मागे 'जन्मभर टॅब्लेट बंद' केला होता आणि ती जन्मभराची बंदी रात्रीच्या जेवणाला उठली. खेळाडूंची तशी उठत नाही. ढोबळ मानाने, कुणी मुद्दाम औषध घेतलं असं ठरलं तर चार वर्षं. चाचणीला नकार दिला, न देता उठून गेलं, तरी चार वर्षं, जणू सापडलातच. दुसऱ्यांदा झालं तर शिक्षा आठ वर्षांपर्यंत जाते. तिसऱ्यांदा आजन्म. बंदीत स्पर्धा तर नाहीच, स्वतःच्या क्लबात सरावही करता येत नाही.

पंचविशीतल्या मुलीची चार वर्षं म्हणजे काय ते मी एकदा पाहिलं आहे. एक धावपटू माझ्यासमोर बसली होती. रडत होती. मी नियम सांगितला, तिने तो ऐकला आणि उठून दार उघडून निघून गेली. मी अडवू शकत नाही. हात धरायचा नाही, विनवणी करायची नाही, परिणाम स्पष्ट शब्दांत सांगायचे आणि लिहून घ्यायचं, एवढाच माझा अधिकार. सगळं नियमाप्रमाणे झालं. ते दार मात्र अजून मला कधी कधी दिसतं.

आता मुख्य गोष्ट.

ती तुम्हाला झुबेदाशिवाय सांगता येणार नाही. झुबेदा म्हणजे माझी सहायक. मूळची रायगडातल्या म्हसळ्याकडची, तिच्या नवऱ्याचं यान्बूत किराणा दुकान आहे. पूर्वी आमच्याच हॉस्पिटलात आया होती. चार मुलं, सात नातवंडं. जगातली कुठलीही खेळाडू तिच्या लेखी 'बाय' होती आणि प्रत्येक बायला तिच्या मते जेवायला घालण्याची गरज होती. आम्ही खेळाडूला खायला काही द्यायचं नाही असा कडक नियम आहे, म्हणून कामावर आल्याबरोबर मी तिची पिशवी कपाटात ठेवून किल्ली माझ्याकडे घ्यायचे.

"खोबऱ्याच्या वड्या हायत ताय, बाँब न्हाय," ती म्हणायची.

"माझ्या दृष्टीने दोन्ही एकच."

त्या दिवशी यान्बूच्या एका हॉलमध्ये दुपारी बॉक्सिंगच्या लढती होत्या. यादीत नाव होतं इलहामचं. ती मोरोक्कोची, तिशी ओलांडलेली, नाक एकदा मोडून पुन्हा बसवलेलं आणि हसली की एकदम शाळकरी दिसणारी. चार वर्षांच्या बंदीनंतरची तिची ही तिसरीच लढत. बंदी कशापायी, तर वजनगटात बसण्यासाठी तिने लघवीची गोळी घेतली होती. शरीरातलं पाणी गेलं की वजन उतरतं, आणि दुसरं काही औषध असलं तर तेही धुऊन जातं, म्हणून त्या गोळीला बंदी. इलहामने तेव्हा सरळ कबूल केलं होतं, मुद्दाम घेतली म्हणून. ती चार वर्षं तिने बेकरीत पाव भाजले आणि आपल्याच क्लबच्या लढती तिकीट काढून बघितल्या.

त्या दिवशी ती जिंकली. झुबेदाने तिला रिंगणाच्या पायरीशीच गाठलं आणि खोलीत आणलं. मागोमाग तिचे कोच मुनीर, हातात एक अवाढव्य खोकं घेऊन. खोक्यात सोनेरी काठाचे चहाचे पेले होते. इलहामच्या धाकट्या बहिणीचं दुसऱ्या दिवशी लग्न होतं. लढतीच्याच दिवशी संध्याकाळी घरी मेंदी, आणि या दोघांचं विमान थोड्या वेळात.

"ममा, लवकर होईल ना?" इलहामने मला विचारलं. तिची अरबी वेगळी, माझी हॉस्पिटलातली, मध्ये इंग्रजीचे टेकू. आमचं बोलणं मी इथे मराठीतच लिहिते.

"ते तुझ्यावर आहे," मी म्हटलं.

आम्ही आतल्या बाथरूममध्ये गेलो. शर्ट वर, बाह्या वर, हातात भांडं. काहीच नाही. बाहेर आलो. पुन्हा आत. पुन्हा काही नाही. वजनासाठी दोन दिवस पाणी तोडलेलं आणि उरलंसुरलं रिंगणात घाम होऊन गेलेलं.

"ही पार सुकली हाय ताय," झुबेदा माझ्या कानात म्हणाली. "बोंबलासारी."

इलहाम स्वतःच हसू लागली. "ममा, बघ ना. ज्या गोळीने शू होते त्या गोळीसाठी मला चार वर्षं घरी बसवलं. आता ती शू कुठे आहे?"

इथे झुबेदाच्या हातून ते घडलं जे फक्त आपल्याकडच्या बाईच्या हातून घडू शकतं. खोलीत पाण्याच्या सीलबंद बाटल्या असतात, खेळाडूने तहानेप्रमाणे उचलायच्या. झुबेदाने आग्रह सुरू केला. पंगतीत जिलबीचा करतात तसा. "पी गो बाय, पी. एवढीशी तर हाय. अर्धी कोन ठेवतं?" इलहामला शब्द कळत नव्हते, पण आग्रह कळत होता. तिच्याकडेही यजमानीण पुढे करते ते नाकारायचं नसतं. ती एकेक बाटली संपवत होती, झुबेदा टाळ्या वाजवत होती. मी दोनदा "झुबेदा, पुरे" म्हटलं, पण मला तेव्हा मुनीर घेरून बसले होते. ते मला विमानाची वेळ सांगत होते, मग तीच वेळ घड्याळात दाखवत होते, मग फोनमध्ये.

तिसऱ्यांदा आत गेलो. इलहामच्या पोटात आता तळं होतं, पण समोर एक साठीची बाई चष्मा लावून टक लावून उभी असली की तळ्यालाही बांध बसतो. ती डोळे मिटून बसली. मी बघत उभी. बाहेर मुनीरच्या येरझारा ऐकू येत होत्या.

आणि मुलांनो, माझ्या तोंडून आवाज आला. मी तो काढला असं म्हणता येणार नाही. तो आला.

"शूऽऽ. शूऽऽ."

हा आवाज मी तुमच्यावर शिकले. तुमच्या आईच्या वेळी नोकरीच्या धावपळीत ते काम पणजीआजीने केलं. तुम्ही झालात तेव्हा मी तुमच्या बर्फाच्या गावी येऊन राहिले. इरा, तुला दोन्ही पायांवर घेऊन मी त्या पांढऱ्याशुभ्र बाथरूममध्ये शूऽऽ करत बसायचे आणि तुझे बाबा बाहेरून विचारायचे, "इज एव्हरीथिंग ओके?" सगळं ओके असायचं. तुझा नेम फक्त माझ्या साडीवर असायचा.

इलहामने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मी एम.एस्सी. झालेली, जन्मभर लॅबमध्ये शिस्तीबद्दल प्रसिद्ध असलेली बाई, आणि ओठांचा चंबू तसाच राहिलेला.

"ममा," ती म्हणाली, "आमच्याकडे प्सस करतात. प्सससस."

मग ती जी हसत सुटली ती थांबेना, आणि हसता हसता बांध फुटला. भांडं काठोकाठ भरलं. मी बघत राहायचं कर्तव्य पार पाडत होते, पण डोळ्यांत पाणी येऊन चष्मा धूसर झाला होता.

बाहेर आल्यावर झुबेदाने "अल्हमदुलिल्लाह" म्हटलं. मुनीरनी खोकं उचललं. "खलास? यल्ला, यल्ला." म्हणजे झालं ना, चला. इलहामने दोन्ही बाटल्या भरल्या, झाकणं लावली, टकटक आवाज करत सील बसली. मी शेवटचा थेंब उपकरणावर टाकला आणि डोळा लावला.

पाणी. आमच्या नळाला येतं त्याहून शुद्ध पाणी.

मी पुन्हा पुसून पुन्हा बघितलं. मग डोळा काढला आणि झुबेदाकडे बघितलं. तिने रिकाम्या बाटल्यांच्या रांगेकडे बघितलं आणि ओढणी तोंडावर घेतली.

"पातळ आहे," मी म्हटलं. "दुसरा नमुना द्यावा लागेल. आणि आता पाणी प्यायचं नाही. थांबायचं."

मग मुनीर बोलू लागले. "बाटल्या तुमच्या हातात आहेत. तिने दिलं, तुम्ही बघितलं. अजून काय पाहिजे? इलहाम, पिशवी घे. एअरपोर्टवरून मी यांच्या साहेबांना फोन करतो. देऊन गेलेल्या माणसाला कोण शिक्षा करतं?"

इलहामने पिशवी खांद्याला लावली. दाराशी गेली. हात दाराच्या मुठीवर ठेवला. त्या धावपटूने उघडलेलं दार मला दिसलं.

मी जागेवरून उठले नाही. माझा आवाज सरळ राहावा म्हणून हात टेबलावर ठेवले. "इलहाम, ऐक. या दारातून आता गेलीस तर नमुना अपुरा राहील आणि तू चाचणी अर्धी सोडून गेलीस अशी नोंद होईल. ती नकार धरली जाऊ शकते. शिक्षा मी ठरवत नाही."

"किती, ममा? पहिले चार होते. आता किती?"

"आठपर्यंत."

तिने मनात बेरीज केली. तिच्या ओठांवरून आकडे जाताना मला दिसले. बॉक्सरच्या वयात आठ वर्षं म्हणजे आजन्मच. फक्त कागदावर तसं लिहिलेलं नसतं.

"माझ्या बहिणीचं लग्न एकदाच आहे," ती म्हणाली.

यावर माझ्याजवळ नियमात बसणारं एकही वाक्य नव्हतं. नियमात न बसणारी पुष्कळ होती. मी ती गिळली. झुबेदा मात्र माझ्या नियमांनी बांधलेली असूनही झुबेदाच. ती मराठीतच, दाराकडे न बघता, रिकाम्या बाटल्या गोळा करता करता म्हणाली, "माजी चूक हाय ताय. तिला सांग, माज्या पोरीच्या निकाहला मीबी नव्हती. इमान चुकलं. पन पोरीच्या बाळंतपनाला होती. बहिनीला बहीन जनमभर लागते."

"काय म्हणते ती?" इलहामने विचारलं.

कोणी काय म्हणालं ते सांगणं म्हणजे विनवणी नव्हे असं मी त्या क्षणी ठरवलं आणि शब्दाला शब्द सांगितलं.

इलहामने मुठीवरचा हात काढला. पिशवी खाली टाकली, अशी की फरशी हादरली. मग खुर्चीवर येऊन बसली आणि झुबेदाला म्हणाली, "तुझं पाणी फार वाईट आहे."

मुनीर खोक्यावरच बसले. आतून एक पेला फुटल्याचा आवाज आला.

विमान गेलं. दुपार लांबत गेली. रिकाम्या हॉलमध्ये कामगार रिंगणाचे दोर सोडत होते. इलहाम खोलीत फेऱ्या मारत होती, झुबेदा तिच्यामागे फेऱ्या मारत होती, कारण नजरेआड होऊ द्यायचं नसतं. एवढ्यात इलहामचा फोन वाजला. बहीण. मेंदीला बायका जमल्या होत्या, तू विमानात बसलीस का?

चाचणीच्या खोलीत चित्रण करायला बंदी आहे. फोनवर बोलायला नाही. इलहामने सगळं सांगितलं. भांडं, पाणी, दार, प्सस, शूऽऽ, सगळं. पलीकडे असा हशा उसळला की मुनीर उठून उभे राहिले. फोनवर आई आली. मग मावशी. मग आणखी कोणी आत्या, जिचा आवाज मासळी बाजारातल्यासारखा खणखणीत होता. त्यांचं आपसात काहीतरी ठरलं. इलहाम लाल झाली.

"ममा, त्या म्हणतात फोन बाथरूमच्या दाराशी धरा."

मी सगळी नियमावली मनात उलटीसुलटी केली. छायाचित्र नाही, चित्रण नाही, प्रतिनिधीने आत यायचं नाही. आवाजाबद्दल अवाक्षर नव्हतं. मी फोन आत नेऊ दिला नाही. मुनीर दाराबाहेर तोंड फिरवून उभे राहिले, स्पीकर चालू करून हात लांबवर धरून, जणू फोनमध्ये साप आहे. आत मी आणि इलहाम.

मग मोरोक्कोतल्या एका घरातून, हाताला ओली मेंदी लावलेल्या सगळ्या बायकांनी एका सुरात सुरुवात केली. "प्सससस. प्सससस." मध्येच आत्याबाईंची, जीभ हलवत काढलेली लग्नातली उलूलू. बाहेरून झुबेदाचं "शूऽऽ" त्यात मिसळलं, आणि थोड्या वेळाने, मी खात्रीने सांगते, एक पुरुषी शीळही.

इलहाम हसत होती आणि रडत होती आणि या वेळी भांड्यात आलं ते रंगाने चांगलं पिवळंधमक होतं. लॅबमधल्या सबंध आयुष्यात इतकं देखणं काही मी पाहिलं नव्हतं. मी थेंब टाकला, डोळा लावला आणि म्हटलं, "खलास."

त्यानंतर फोनमधून जो गजर झाला तो नवरी आल्यावर होतो तसाच असावा.

दोघं दुसऱ्या दिवशीच्या विमानाने गेली. इलहाम लग्नाच्या जेवणाच्या शेवटी पोचली, ट्रॅकसूटमध्ये, पाच पेले घेऊन. सहावा आमच्या कचऱ्याच्या डब्यात होता.

मी शिस्तीची बाई. अहवालात 'अन्य नोंदी' असा रकाना असतो, त्यात मी खरं ते लिहिलं: 'खेळाडूला साहाय्य म्हणून अधिकाऱ्याने व इतरांनी तोंडाने आवाज केला.' दोन दिवसांनी रियाधच्या साहेबांचा फोन आला. मी भाजी घेत होते.

"कसला आवाज?" त्यांनी विचारलं.

मी समजावून सांगितलं.

"नोंदीसाठी तो नेमका कसा ते कळलं पाहिजे. करून दाखवता का?"

भाजीवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी भेंडीच्या ढिगाकडे तोंड केलं आणि केला. नीट, दीर्घ, जसा करायला हवा तसा. मग साहेब म्हणाले, "एक मिनिट हं," आणि फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं लांब गेली. बऱ्याच वेळाने परत आली.

"हरकत नाही," ते म्हणाले. "पण रोजच्या पद्धतीत घालू नका."

आमच्या कामात एक गोष्ट चमत्कारिक असते. नमुना निर्दोष निघाला तर आम्हाला कोणी कळवत नाही. काहीच घडत नाही, हीच बातमी. मी काही महिने काहीच न घडण्याची वाट बघत होते. मग एके दिवशी झुबेदाने दुकानातून फोटो पाठवला. तिच्या नवऱ्याने काचेवर बॉक्सिंगचं पोस्टर लावलं होतं आणि त्यात मोडक्या नाकाची इलहाम मुठी वळून उभी होती.

ती त्यानंतर बरीच खेळली. जिंकली, हरली. तिची शेवटची लढतही इथेच झाली आणि योगायोगाने ते माझंही शेवटचं काम होतं. हरली. डोळा सुजला होता. यादीत तिचं नाव होतं, म्हणून झुबेदा तिला घेऊन आली.

"ममा, मी आज सोडलं," ती म्हणाली. "बहिणीला दुसरं बाळ होतंय. मी जाते आहे सांभाळायला."

"कोणी सांगितलं सोडायला?"

"कोणीच नाही. या वेळी कोणी घरी बसवलं नाही, म्हणून तर."

आम्ही आत गेलो. मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले. साहेबांनी सांगितलं होतं ना. तिने माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि स्वतःच स्वतःला "प्सस" केलं. पहिल्याच खेपेत नव्वद, आणि दाट.

सील लागली, सह्या झाल्या. झुबेदाने मला न विचारता माझ्या पर्समधून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि पिशवी बाहेर घेतली. चाचणी संपली होती. आता कुठलाच नियम आड येत नव्हता. इलहामने उभ्या उभ्या तीन वड्या खाल्ल्या, चौथी हातात घेतली, पिशवी खांद्याला लावली आणि दाराशी गेली. दाराची मूठ धरली, पण लगेच उघडलं नाही. मागे वळून माझ्याकडे बघितलं.

"जा," मी म्हटलं. "आता जा."

तिने दार उघडलं आणि वडी खात खात गेली.